दोराखालच्या चिंध्या



इंग्लंडहून बेळगावला परत आले त्याच आठवड्यात भगिनींच्या प्रार्थनासभेत सगळ्यांनी विचारलं, "काय काय पाहिलंस?" राणीचा वाडा, लंडनचा पूल असं काहीतरी मी सांगेन अशी त्यांची अपेक्षा असावी. मी म्हटलं, "एका बेटावर जाऊन कडा चढून आले." आधी सगळ्या गप्प, मग जो हशा पिकला! एक मावशी म्हणाल्या, "अगं, चर्चच्या गॅलरीचा जिना चढताना तुला धाप लागते!" खरंच लागते. त्यात त्या कड्याचं नाव डेव्हिल्स स्लाइड, म्हणजे सैतानाची घसरगुंडी. पाळकसाहेबांच्या कानावर ते गेलं, तेव्हा ते म्हणाले, "बाई, त्याच्या घसरगुंडीवरून तुम्ही वर गेलात ना? मग काही हरकत नाही."

हसण्यावारी विषय संपला आणि जे सांगायचं होतं ते राहून गेलं. ते आज लिहिते. ही साक्षच आहे, पण मोठ्या विजयाची नाही. माझ्या हातून झालेली एक चूक प्रभूनं मला कशी दाखवली, तेवढंच सांगायचं आहे.

माझी मुलगी ब्रिस्टलमध्ये नर्स आहे, अतिदक्षता विभागात. २०१९ साली ती तिकडे निघाली तेव्हा आपल्या मंडळीनं तिच्यासाठी खास प्रार्थना केली होती. लहानपणी संडे स्कूलमध्ये वचनं पाठ म्हणण्यात तिचा नंबर कधी चुकला नाही.

२०२१च्या मे महिन्यात तिचे पप्पा कोरोनानं गेले. ते दिवस तुम्हाला वेगळे सांगायला नकोत. दर दोन-तीन दिवसांनी मंडळीच्या ग्रुपवर कुणाचा ना कुणाचा फोटो यायचा. हॉस्पिटलच्या दारातून आत कुणाला सोडत नव्हते. मी नऊ दिवस बाहेरच्या बाकावर बसून काढले आणि दहाव्या दिवशी पहाटे निरोप आला. दफन त्याच दुपारी करायचं होतं. मुलीला यायला कुठून जमणार? विमानं मोजकीच होती आणि ब्रिटननं २३ एप्रिलपासून भारताला लाल यादीत टाकलं होतं. प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली पेटी, पांढऱ्या पोशाखातले चौघे, लांब उभे पाळकसाहेब. एवढं तिनं फोनवर पाहिलं, तेही मध्येमध्ये चित्र अडकत होतं.

त्या रात्री तिनं मला एकच प्रश्न विचारला. "आई, पप्पांना शेवटी भीती वाटली असेल का गं?"

मी तिला काय सांगितलं असेल? ईयोबाच्या पहिल्या अध्यायातलं ते वचन, जे आपण प्रत्येक दफनविधीला ऐकतो. आणि वर म्हटलं, "आपण विश्वासणारी माणसं आहोत. आता रडायचं नाही." ती काही बोलली नाही. मला वाटलं, तिला धीर आला. मंडळीतही सगळे म्हणत होते, बाईंचा विश्वास बघा, डोळ्यांत पाणी नाही. मला ते ऐकून बरं वाटत होतं, हेही कबूल करते.

त्यानंतर तिनं चर्चला जाणं सोडलं. भांडली नाही, वाद घातला नाही. दर रविवारी फोन करायची. भाजी काय केलीस, पाऊस आहे का, गुडघा कसा आहे? पप्पांचा विषय तिनं काढला नाही आणि मीही काढला नाही. मी तिच्यासाठी उपास केले, प्रार्थनेच्या चिठ्ठीत तिचं नाव लिहिलं. "हरवलेलं मेंढरू" असं मी तिला म्हणत होते. आपण मेंढपाळ नाही, याचा मला विसर पडला होता.

२०२४मध्ये शाळेतून निवृत्त झाले आणि दोन महिन्यांसाठी तिच्याकडे गेले. पहिल्याच रविवारी सकाळी मनाचा हिय्या करून विचारलं, "चर्चला जायचं का गं?" ती हसली. "चल की. मी दर रविवारी जाते."

तिनं मला खरोखरच चर्चला नेलं. सेंट वर्बर्ग्ज नावाची जुनी दगडी इमारत, उंच कमानी, उंच खिडक्या. पण आत बाकं नव्हती. भिंतींवर खालपासून छतापर्यंत रंगीबेरंगी खुंट्या बसवलेल्या आणि त्यांवर माणसं चढत होती. तिथं उपासना बंद होऊन बरीच वर्षं झाली. आता तिथं प्रस्तरारोहण शिकवतात. वेदी जिथं असायची त्या बाजूला एक मुलगा दोराला लोंबकळत होता. माझ्या पोटात कालवलं. पहिल्या दिवशी मी नुसती कोपऱ्यात बसून राहिले आणि मनात एकच, प्रभू, कुठं आणलंस मला?

पण बसल्या बसल्या माणूस बघतोच. तिथं कुणी एकटं चढत नव्हतं. चढणाऱ्याच्या कमरेच्या पट्ट्याला, म्हणजे हार्नेसला, दोर बांधलेला. दोराचं दुसरं टोक खाली उभ्या असलेल्या माणसाच्या हार्नेसमधल्या छोट्या उपकरणातून गेलेलं. याला बिले म्हणतात. वरचा निसटला तर खालचा दोर रोखतो. त्यासाठी फार ताकद लागत नाही, उपकरणच दोराला पकडतं. पण खालच्याला दोरावरचा हात एक क्षणही सोडता येत नाही आणि नजर हटवता येत नाही. चढण्याआधी दोघं एकमेकांच्या गाठी तपासतात. वीस वर्षं चढणारासुद्धा आपली गाठ दुसऱ्याला दाखवल्याशिवाय पाय उचलत नाही. माझ्या मुलीनं त्या दिवशी किती जणांच्या गाठी पाहिल्या, किती जणांचे दोर धरले! मला वाटलं, मी हिला हरवलेली म्हणते, आणि ही तर इथं माणसं सांभाळते आहे.

पुढच्या आठवड्यात मी हार्नेस चढवला. सत्तरी गाठलेल्या दोन आजीबाई तिथं चढताना पाहिल्यावर वयाचं कारण देण्यात अर्थ नव्हता. महिनाभर शिकले. चढण्यापेक्षा बिले धरायला मुलीनं जास्त घटवून घेतलं. मग एक दिवस तिनं विचारलं, "लंडीला येतेस? खऱ्या दगडावर?"

लंडी हे डेव्हन परगण्याच्या किनाऱ्यापासून सुमारे अठरा किलोमीटर दूर, समुद्रातलं एकटं बेट. लांबी पाच किलोमीटर, रुंदी जेमतेम एक. कायमची वस्ती तीसएक माणसांची. ओल्डेनबर्ग नावाची छोटी बोट तिथं जायला दोन तास घेते आणि त्या दोन तासांत माझ्या पोटात काही राहिलं नाही. पौलाची मलिता बेटाकडची सफर मी संडे स्कूलमध्ये कितीदा तरी शिकवली आहे. इथून पुढं जास्त मनापासून शिकवीन.

बेट म्हणजे समुद्रातून वर आलेला ग्रॅनाइटचा लांबट ठोकळा. आपल्याकडच्या जांभ्यासारखा भुसभुशीत दगड नाही. करडा, घट्ट आणि हाताला कानशीसारखा खरखरीत. माथ्यावर गवत, मेंढ्या, तट्टं आणि चारी बाजूंनी कडे. एप्रिल ते जुलै समुद्रपक्षी त्या कड्यांवर अंडी घालतात, म्हणून तेवढे दिवस कित्येक कडे चढणाऱ्यांना बंद असतात. आम्ही सप्टेंबरात गेलो. ज्यांच्यावरून बेटाला नाव पडलं ते पफिन पक्षी तोवर समुद्रात निघून गेले होते. सील मात्र भरपूर होते, पाण्यातून टकलं वर काढून बघत राहणारे.

मुलगी, तिची एक वेल्श मैत्रीण आणि मी, अशा तिघी बेटाच्या सर्वांत उंच टेकडीवरच्या जुन्या दीपगृहाशेजारी उतरलो होतो. पूर्वी रखवालदार राहायचे तिथं आता पाहुणे राहतात. या दीपगृहाची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. ते १८१९ साली बांधलं. दिवा लांबून दिसावा म्हणून सगळ्यात उंच जागा निवडली. बांधकाम भक्कम होतं, दिवा चांगला होता. पण या समुद्रावर धुकं फार. दिवा इतका उंच, की तो नेमका धुक्यात झाकला जायचा आणि खाली समुद्रावरच्या जहाजांना दिसायचाच नाही. ज्या दिवशी त्याची सगळ्यात जास्त गरज, त्याच दिवशी तो गायब. शेवटी १८९७ साली तो बंद केला आणि बेटाच्या दोन टोकांना, बऱ्याच खाली, दोन नवी दीपगृहं बांधली. वरच्या काचेच्या खोलीत आता दिव्याच्या जागी आरामखुर्च्या आहेत. तिथं बसून मी समुद्र पाहिला आणि माझ्या मनात उगाचच त्या रात्रीचा फोन आला. का आला ते तेव्हा कळलं नाही.

दीपगृहाशेजारीच फार जुनं दफनस्थान आहे. पाचव्या-सहाव्या शतकाच्या आसपासचे चार कोरीव स्मृतिदगड तिथं उभे आहेत. एकावर लॅटिन अक्षरांत 'रेस्टेउटे' असं आहे, म्हणजे रेस्टेउटा हिचा दगड. ती बाई असावी असं मानतात. तिच्याबद्दल बाकी काही उरलेलं नाही. कुणीतरी तिच्यासाठी दगड आणला, नाव कोरलं, आणि चौदा-पंधराशे वर्षांनी बेळगावची एक बाई ते नाव बोटानं चाचपत होती. मुलगी माझ्यामागे उभी होती. ती म्हणाली, "पप्पांचा दगड बसवलास का?" मी म्हटलं, "नाही अजून." तीन वर्षं झाली होती. ती पुढं काही बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी डेव्हिल्स स्लाइड. पश्चिम किनाऱ्यावरची ही एकसंध, तिरपी, ग्रॅनाइटची पाटी समुद्रापासून सुमारे १२० मीटर वर येते. चाळीस मजली इमारत मागं रेलून बसावी तशी. १९६१ साली लॉडर नावाच्या निवृत्त ॲडमिरलनं ही वाट पहिल्यांदा चढली. मुरलेल्या गिर्यारोहकांना ती अवघड वाटत नाही. मला ती बघूनच घाम फुटला.

समुद्रकड्याची एक गोष्ट मला आधी माहीत नव्हती. आपला यळ्ळूरचा गड खालून वर चढायचा असतो. इथं तुम्ही माथ्यावरच असता. आधी दोरावरून खाली, थेट लाटांपाशी उतरावं लागतं आणि मग वर चढता येतं. उतरल्याशिवाय चढणं नाही.

मुलीनं दोर पक्का बांधला. मग पिशवीतून जुन्या गालिच्याचा एक मळका तुकडा काढून कड्याच्या धारेवर, दोराच्या खाली घातला. मी विचारलं, हे कशाला? "दोर मजबूत असतो गं, पण ओझं घेऊन धारेवर घासत राहिला तर तोही कापला जातो." तिची मैत्रीण आधी सरसर खाली गेली. मग माझी पाळी. समुद्राकडे पाठ करून, दोरावर वजन टाकून मागं रेलायचं, एवढंच करायचं होतं. भिंतीवर शंभरदा केलं होतं. पण खाली समुद्र बघितला आणि माझे गुडघे लटपटायला लागले. १२१वं स्तोत्र मनात म्हटलं. शब्द सगळे आठवले, पण पाय हलेनात.

त्या घटकेला मी वाट पाहत होते की ही आता म्हणेल, "आई, विश्वास ठेव." मी तेच म्हटलं असतं. आयुष्यभर आजाऱ्यांच्या उशाशी मी तेच म्हणत आले आहे. ती तसं काही म्हणाली नाही. तिनं स्वतःला दुसऱ्या दोराला बांधलं, माझ्या बाजूनं धारेखाली उतरली आणि माझ्या शेजारी, माझ्याच पातळीवर कड्याला पाय लावून उभी राहिली. "कुठं लागतंय?" मी म्हटलं, "पट्टा कमरेत रुततोय." तिनं एका हातानं गळ्यातला मफलर काढला, घडी करून माझ्या पट्ट्याखाली सरकवला. "आता? बरं वाटतंय? भीती वाटणारच. मलाही वाटते. माझ्या पायाशेजारी तुझा पाय ठेव. हां. आता दुसरा."

अशा आम्ही दोघी शेजारी शेजारी खाली उतरलो.

खाली पोचल्यावर ती पुढं चढायला निघाली आणि तिचा दोर मी धरला. तिची मैत्रीण माझ्यामागे दोराचं शेपूट धरून बसली होती, माझ्या हातून चूक झालीच तर म्हणून. वारा इतका होता की हाका ऐकू येईनात. थोड्या वेळानं मुलगी नजरेआड झाली. उरला फक्त हातातला दोर. तो सरकला की ती चढते आहे, थांबला की तीही थांबली आहे. का थांबली असेल? दमली असेल? पायाला जागा मिळत नसेल? मला तिला काही सांगता येत नव्हतं. उपदेश करायची सोयच नव्हती. फक्त दोर धरून ती काय करते आहे ते हाताला जाणवू द्यायचं. आणि मला एकदम रडू कोसळलं. तीन वर्षं दर रविवारी मी या मुलीशी फोनवर बोलत होते, पण इतकं लक्ष देऊन तिच्याकडे एकदाही ऐकलं नव्हतं.

चढाईचं फार सांगत नाही. तळव्याखालचा खरखरीत दगड धरून ठेवतो, पण त्यासाठी पायावर पूर्ण भार द्यावा लागतो. भीतीनं दगडाला पोटाशी कवटाळलं की पाय सुटतो. दोनदा घसरले, दोन्ही वेळा वरून दोर ताठ झाला. माथ्यावर पोचलो तेव्हा चार वाजले होते. चपात्या आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली. मैत्रिणीला चटणी तिखट लागली, पण तिनं पुन्हा मागून घेतली.

बेटावरचा जनरेटर रात्री बारा वाजता बंद होतो. सगळे दिवे एकदम गेले आणि खिडकीत इतक्या चांदण्या आल्या की लहानपणानंतर तशा मी पाहिल्या नव्हत्या. मैत्रीण झोपली होती. अंधारात मला धीर आला. मी म्हटलं, "तू त्या रात्री मला एक विचारलं होतंस. पप्पांना भीती वाटली असेल का, म्हणून."

ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "आई, त्या हिवाळ्यात माझ्या वॉर्डात माणसं मरत होती, तेव्हा त्यांच्या कानाशी मी फोन धरायचे. त्यांच्या मुली पलीकडून बोलायच्या. माझ्या पप्पांच्या कानाशी कुणी फोन धरला नाही. मला एवढंच कुणाला तरी सांगायचं होतं. आणि तू म्हणालीस, रडायचं नाही."

माझ्याजवळ आताही वचनं होती. दहा तरी ओठांवर आली. मी ती गिळली. म्हटलं, "मला माहीत नाही गं. मलाही आत सोडलं नव्हतं. वाटली असेल भीती. खूप वाटली असेल. मी बाहेर बाकावर बसून होते आणि मलाही वाटत होती." मग मी तिच्या पलंगावर जाऊन बसले. आम्ही दोघी रडलो, तीन वर्षांचं रडलो. ती त्यांच्या खोकल्याची, त्यांच्या स्कूटरची, त्यांच्या बेसूर गाण्याची आठवण काढत राहिली. मी ऐकत होते.

ती झोपल्यावर मी टॉर्चच्या उजेडात यिर्मयाचा ३८वा अध्याय काढला. दिवसभर तो मनात घोळत होता. यिर्मयाला विहिरीत टाकलं होतं. तिच्यात पाणी नव्हतं, चिखल होता आणि त्यात तो रुतत चालला होता. एबद-मलेख नावाच्या परदेशी राजसेवकानं राजाकडे रदबदली केली आणि माणसं घेऊन तो निघाला. पण विहिरीकडे जाण्याआधी तो कुठं गेला? राजवाड्यात, भांडाराच्या खालच्या खोलीत. तिथून त्यानं जुने कपडे, फाटक्या चिंध्या गोळा केल्या. त्या दोरानं खाली सोडल्या आणि यिर्मयाला सांगितलं, या आधी काखेत घाल, मग दोर लाव. नाहीतर दोर काचला असता. माणूस वर आला असता, पण सोलवटून.

हा अध्याय मी किती वेळा वाचला होता! चिंध्यांवरून नेहमी पुढं गेले होते. एवढ्या घाईच्या वेळी, माणूस मरत असताना चिंध्या शोधत बसणं, याची नोंद पवित्र शास्त्रानं का ठेवली असेल, हा प्रश्न मला कधी पडला नव्हता.

त्या रात्री कळलं. मी माझ्या मुलीला जो दोर टाकला तो खोटा नव्हता. प्रभूचं वचन तेव्हाही खरं होतं, आजही आहे. पण मी तो नुसता वरून फेकला. तिला कुठं लागतंय हे विचारलं नाही. तिच्या काखेत काही घातलं नाही. तो तिला काचला आणि तिनं सोडून दिला. टेकडीवरचं दीपगृहही मला तेव्हाच समजलं. दिवा चांगला होता, पण धुक्यात अडकलेल्यासाठी कुणी तो खाली आणला नव्हता.

आणि आपला प्रभू? तो तर उतरलाच. फिलिप्पैकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात पौल हेच सांगतो, की ख्रिस्तानं स्वतःला रिकामं केलं आणि तो खाली, मरणापर्यंत आला. लाजराच्या कबरेपाशी, आता आपण याला उठवणार हे ठाऊक असूनही, तो आधी मरीयेच्या अश्रूंपाशी थांबला आणि रडला. रडू नकोस, असं तो तिला म्हणाला नाही. माझ्या मुलीनं कड्यावर माझ्या शेजारी उतरून जे केलं ते तिनं कुठून शिकलं असेल? संडे स्कूलमध्ये तिला शिकवणारी मीच होते. मी शिकवलेलं तिच्या हातात होतं, माझ्या मात्र तोंडातच राहिलं होतं.

निघायच्या दिवशी सकाळी बेटावरच्या सेंट हेलेनाच्या चर्चमध्ये मी एकटीच गेले. त्या बेटाचे एके काळचे मालक हेवन आडनावाचे होते. हेवन म्हणजे स्वर्ग, म्हणून लोक बेटाला थट्टेनं स्वर्गाचं राज्य म्हणायचे. त्यांच्यातल्याच एका पाद्रीसाहेबांनी १८९६ साली हे चर्च बांधलं. बेटावर एवढी थोडी माणसं आणि चर्च मात्र केवढं मोठं! मी पुढच्या बाकावर बसले होते. थोड्या वेळानं मागं दार वाजलं आणि मुलगी येऊन शेजारी बसली. तिनं हात जोडले नाहीत. म्हणाली, "प्रार्थना करणार असशील तर पप्पांचं नाव घे. मोठ्यानं घे." मी घेतलं. बोट सुटायची वेळ झाली तशी आम्ही उठलो.

ती पुन्हा चर्चला जायला लागली का, असं तुम्ही विचाराल. नाही. पण रविवारचा फोन आता तासभर चालतो. पप्पांचा दगड या ख्रिसमसच्या आधी बसवला. त्यावर काय लिहायचं ते तिनं ठरवलं, कोणतं वचन घालायचं तेही तिनंच.

मागच्या महिन्यात आपल्या मंडळीतल्या एका घरी तरुण मुलगा अपघातात गेला. मी भात-आमटीचा डबा घेऊन गेले. भांडी घासली, आल्यागेल्याला चहा दिला. त्या आईनं विचारलं, "बाई, माझ्याच लेकराला का?" मी म्हटलं, "मला माहीत नाही हो," आणि तिचा हात धरून बसले. बायबल पिशवीतच होतं. तिसऱ्या दिवशी तीच म्हणाली, "एखादं स्तोत्र वाचता का?" तेव्हा काढलं.

बंधू-भगिनींनो, आपल्या सगळ्यांकडे दोर आहे, लहानपणापासून पाठ असलेला. कुणाच्या दुःखाच्या घरी जाल तेव्हा जाता जाता जुन्या चिंध्याही गोळा करून न्या. डबा, रिकामा वेळ, आणि "मला माहीत नाही" असं म्हणण्याची तयारी. आणि तुमच्याच घरात कुणी चर्चपासून दूर गेलं असेल, तर त्याला बोलावण्याआधी एकदा विचारा, तुला कुठं लागलं होतं?

प्रार्थना करू या.

हे दयाळू बापा, तू आम्हांला वरून हाका मारत बसला नाहीस. तुझ्या पुत्राला आमच्या चिखलात उतरवलंस. तुझं वचन आम्ही ज्यांच्यावर नुसतं फेकलं, त्यांची आम्हांला क्षमा मागता येऊ दे. जे रडत आहेत त्यांच्या शेजारी बसायला आम्हांला वेळ आणि धीर दे. जी आमची मुलं दूर आहेत, त्यांचा दोर तुझ्या हातात आहे आणि तू झोपत नाहीस, म्हणून तुझे आभार मानतो. प्रभू येशू ख्रिस्ताच्या नावात मागतो. आमेन.